वाचकांचे प्रश्न : गोटी निवडताना आधी बोल्ट पाहावा

घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी या वेळी सॉकेट, म्हणजेच कारागिरांच्या बोलीतील गोटी पाना, या एकाच विषयावरची पत्रे उत्तरासाठी घेतली आहेत.

प्रश्न : दुचाकीची किरकोळ देखभाल, लोखंडी मांडण्या व खुर्च्यांचे बोल्ट आवळणे आणि क्वचित मोटारीचे चाक बदलणे, एवढीच माझी कामे आहेत. त्यासाठी दीडशेहून अधिक नगांचा मोठा संच घ्यावा की चाळीसेक नगांचा लहान? जितके नग जास्त तितका संच चांगला, असे समजावे का?

उत्तर : नगांची संख्या हा निवडीचा अगदी कच्चा निकष आहे, कारण स्क्रूड्रायव्हरची टोके, एल-चाव्या आणि जोडतुकडे असे सगळे मोजूनच तो आकडा फुगवलेला असतो आणि नेमकी आपल्याला लागणारी खोल, म्हणजे लांब नळीसारखी, गोटी त्यात सापडत नाही. त्यापेक्षा विचाराची सुरुवात बोल्टपासून करावी. आपल्याला कोणत्या मापाचे बोल्ट उघडायचे आहेत, ते आवळायला किती जोर लागतो आणि तिथे हात पोहोचायला जागा किती आहे, हे ठरले की संच जवळजवळ आपोआप ठरतो.

जोराचा संबंध ड्राइव्हशी, म्हणजे हँडलच्या टोकाला असलेल्या चौकोनी खुंटीशी आहे. हातकामासाठी प्रामुख्याने पाव इंच (६.३५ मिमी), तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच (९.५ मिमी) आणि अर्धा इंच (१२.७ मिमी) हे तीन ड्राइव्ह वापरात आहेत. पाऊण इंच आणि एक इंच हे अवजड यंत्रांसाठी व मोठ्या वाहनांसाठी असल्यामुळे त्यांचा विचार आपल्याला करायला नको. धातू तोच असेल तर खुंटीची बाजू दुप्पट झाल्यावर तिची पीळ सोसण्याची ताकद सुमारे आठपट होते, म्हणून पाव इंची आणि अर्धा इंची हँडलांतील फरक दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. ८.८ या ताकदीच्या श्रेणीतील पोलादी बोल्टसाठीच्या सर्वसाधारण तक्त्यांत एम ६ ला (म्हणजे ६ मिमी व्यासाच्या आट्यांच्या बोल्टला) सुमारे १०, एम ८ ला २५, एम १० ला ५० आणि एम १२ ला ८५ न्यूटन-मीटर इतका पीळ, म्हणजे टॉर्क, दिलेला असतो. यांतील पहिला बोल्ट पाव इंची हँडलने निश्चिंतपणे आवळता येतो, मधल्या दोघांना तीन सुती हँडल योग्य ठरते आणि शेवटच्यासाठी अर्धा इंची हाताशी असावे. हँडलवर पाइप चढवून जोर वाढवण्याची सवय अनेकांना असते. त्यात बोल्टच्या आधी रॅचेटच्या, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणाऱ्या हँडलच्या, आतील दाते तुटतात, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्या कामांसाठी तीन सुती ड्राइव्हचा, ८ ते १९ मिमी मापांचा, एकही माप न गाळलेला संच हा पाया समजावा. काही संचांत १५, १६ आणि १८ ही मापे वगळलेली असतात, तेव्हा डबा उघडून मोजून पाहण्यात संकोच करू नये. चाकासाठी मात्र स्वतंत्र अर्धा इंची लांब दांडी आणि आपल्या चाकाच्या नटाच्या मापाची एकच खोल गोटी घ्यावी. हे माप बहुतेक मोटारींत १७, १९ किंवा २१ मिमी असते. दुचाकीच्या स्पार्क प्लगसाठी आत रबर किंवा चुंबक असलेली वेगळी गोटी लागते आणि तिचे माप वाहनानुसार १६, १८ किंवा २१ मिमी असू शकते. साधी खोल गोटी तिथे तिरकी बसली तर प्लगची चिनी मातीची नळी तडकते.

गोटीच्या आतील आकार सहा कोनी असावा, बारा कोनी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा कोनी गोटी दर ३० अंशांवर बसते, त्यामुळे अडचणीच्या जागी ती चटकन लागते. परंतु तिचा दाब बोल्टच्या कोपऱ्यांच्या अगदी जवळ पडतो आणि बोल्ट गंजलेला वा मऊ असेल तर कोपरे झिजून डोके गोल होते. सहा कोनी गोटी तोच दाब बाजूंच्या सपाट भागावर देते. हँडल रॅचेटचे असेल तर बारा कोनांची सोय तशीही फारशी उरत नाही, कारण ७२ दात्यांचे रॅचेट ५ अंशांच्या हालचालीत पुढच्या दात्यावर जाते, ३६ दात्यांच्या रॅचेटला १० अंश लागतात. अपवाद एकच आहे. काही इंजिनांत बोल्टचे डोकेच बारा कोनी असते आणि तिथे बारा कोनी गोटीला पर्याय नाही.

प्रश्न : माझ्या दुचाकीच्या एम ८ आणि एम १० बोल्टना १२ आणि १४ ची गोटी लागते, पण पाण्याच्या पंपाच्या तेवढ्याच जाडीच्या बोल्टना १३ आणि १७ ची. आटे दोन्हींचे सारखेच आहेत. मग डोक्यात फरक का? शिवाय माझ्या संचात निम्म्या गोट्या इंची आहेत, त्यांचा उपयोग काय?

उत्तर : बोल्टचे नाव आट्यांच्या व्यासावरून पडते, गोटीचे माप मात्र डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतरावरून, आणि या दोहोंचे नाते प्रत्येक मानकाने आपापल्या पद्धतीने ठरवले आहे. जुन्या जर्मन डीआयएन मानकात एम १० चे डोके १७ मिमी आणि एम १२ चे १९ मिमी होते. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाने ती मापे अनुक्रमे १६ आणि १८ केली, एम ८ मात्र दोन्हींकडे १३ वरच राहिला. जपानी वाहन उद्योगाने वजन आणि जागा वाचवण्यासाठी लहान डोकी स्वीकारली, म्हणून तिकडच्या वाहनांत एम ८ ला १२ आणि एम १० ला १४ लागते. आपला पंप जुन्या डीआयएन मापांचा आहे आणि दुचाकी जपानी वळणाची, एवढाच याचा अर्थ. ज्याच्या घरी दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत त्याला १२, १३, १४, १६ आणि १७ या पाचही गोट्या हव्यातच.

इंची गोट्यांविषयी सांगायचे तर आपल्याकडे इंची बोल्टचे एखादे जुने यंत्र नसेल, तर त्या डब्यात नुसत्या पडून राहतील. काही मापे योगायोगाने जुळतात : पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ च्या बोल्टवर ती ठीक बसते. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८७५ मिमी, आणि म्हणून तशा बोल्टवर १६ ची गोटी चालून जाते. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्या डोक्यावर १३ ची गोटी सहज चढते, थोडी हलते, आणि जोर दिल्यावर घसरते. चढली म्हणजे बसली, हा समज बोल्टची सर्वाधिक डोकी खराब करतो. गोटी बसवल्यावर हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहावी आणि मोकळेपणा जाणवला तर ती काढून घ्यावी.

प्रश्न : टॉर्क रेंचला, म्हणजे पीळ मोजून आवळणाऱ्या पान्याला, एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारी दांडी) लावले की पीळ कमी लागतो, असे मला एका मेकॅनिकने सांगितले. हे खरे आहे का? युनिव्हर्सल जॉइंटचे, म्हणजे कोनात वाकणाऱ्या जोडतुकड्याचे, काय?

उत्तर : सरळ एक्स्टेन्शनमुळे आकडा बदलत नाही. दांडी थोडी पिळते खरी, पण सावकाश आवळताना जो पीळ हँडलवर असतो तोच बोल्टपर्यंत पोहोचतो. फक्त रेंचचे डोके दुसऱ्या हाताने आधार देऊन सरळ ठेवावे, नाही तर गोटी कलते. आपल्या मेकॅनिकचा अनुभव बहुधा हवेच्या दाबाने ठोके देत फिरणाऱ्या एअर गनचा असावा, कारण तिच्या झटक्यांचा काही भाग लांब दांडी खरोखरच गिळते. युनिव्हर्सल जॉइंटची गोष्ट वेगळी आहे. तो वाकलेला असताना बोल्टला मिळणारा पीळ कोनानुसार कमी-जास्त होतो, तेव्हा हा जॉइंट बोल्ट सैल करण्यासाठी जरूर वापरावा, मोजून आवळण्यासाठी नव्हे.

टॉर्क रेंच निवडताना आपल्याला लागणारे आकडे त्याच्या पट्टीच्या मधल्या भागात येतील असे पाहावे. एम ६ चे १० न्यूटन-मीटर आणि चाकाच्या नटांचे शंभराच्या आसपासचे आकडे एकाच रेंचमध्ये चांगले मोजले जात नाहीत. या साधनांची मान्य अचूकता साधारण ४ टक्के अधिक-उणे असते, पण आट्यांना तेल लागलेले असेल तर ती अचूकता कुचकामी ठरते. आपण देतो त्या पिळापैकी सुमारे नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांतील घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहा टक्के बोल्टला ताणतो. तेलाने घर्षण घटले की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो. म्हणून पुस्तिकेत कोरडे आटे सांगितले असतील तर कोरडेच ठेवावेत. या रेंचने बोल्ट सैल करू नये, आणि काम झाल्यावर त्याची स्प्रिंग पट्टीवरील सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावी.

प्रश्न : काळ्या रंगाच्या जाड गोट्या चकचकीत गोट्यांपेक्षा चांगल्या का?

उत्तर : चांगल्या नव्हेत, वेगळ्या कामाच्या. काळ्या गोट्या बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात. त्या कडकपणात किंचित कमी, पण चिवट असतात आणि इम्पॅक्ट रेंचचे, म्हणजे ठोके देत फिरवणाऱ्या यंत्राचे, ठोके सोसतात. चकचकीत हातगोटी क्रोम-व्हॅनेडियमची, कडक आणि पातळ असते. ती इम्पॅक्टवर चढवली तर फुटून तुकडे उडू शकतात. काळी गोटी हाताने वापरायला हरकत काहीच नाही, मात्र तिची जाड भिंत खोबणीतल्या बोल्टपर्यंत उतरत नाही.

प्रश्न : एका बोल्टचे डोके गोल झाले आहे. आता कोणती गोटी लावावी?

उत्तर : आधी आट्यांत गंज सैल करणारे तेल सोडून काही तास थांबावे. त्यानंतर मूळ मापाहून जराशी लहान, सहा कोनी आणि जुनी गोटी हातोडीने ठोकून बसवावी. १३ च्या झिजलेल्या डोक्यावर अर्धा इंची गोटी अनेकदा पकड घेते, आणि आपल्या डब्यातील इंची गोट्यांना हे एक काम निश्चित मिळते. रॅचेटऐवजी लांब दांडी लावावी आणि उघडण्याआधी बोल्ट किंचित आवळून पाहावा, त्याने गंजाची पकड तुटते. हेही साधले नाही तर आत तिरक्या धारा असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी लागेल. निघालेला बोल्ट पुन्हा लावू नये, त्याच श्रेणीचा नवा घालावा.