आधी डबा वाजव

नागपूर, 14 मे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा तू लॅपटॉप घेऊन आलीस, मुलांना स्वर-ताल शिकवणारा तुझा खेळ दाखवलास आणि मी फारसं बोलले नाही. बाईंना आवडला नाही असं मनात आणू नकोस. चित्रं सुरेख आहेत, तो मोर तर मला फारच आवडला. पण घाईत काही बोलायचं नव्हतं. धरमपेठेत तीस वर्षं मुलांना गाणं शिकवतेय आणि त्यातली शेवटची सात-आठ अशा खेळांच्या नादात गेली. त्यात जे हाती लागलं ते नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्र.

तू लहानपणी भुलाबाई खेळलीयेस का? इथल्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी जमायच्या. टिपऱ्यांवर गाणी व्हायची आणि शेवटी खिरापत. ती डब्यात, झाकण घट्ट, ओळखल्याशिवाय मिळायची नाही. मग डबा कानाशी धरून हलवायचा. शेंगदाणे खडखडतात, मुरमुरे सळसळतात, लाडू एकदाच धपकन आदळतो, आणि आत शिरा असला की डबा मुका. पोरी श्वास रोखून ऐकायच्या. कान तयार करणारा याहून चांगला खेळ मला अजून सापडलेला नाही.

तुझ्या खेळात मोर ज्या पायरीवर बसतो ती उजळते, मूल तिच्यावर बोट ठेवतं, स्वर वाजतो, तारे मिळतात. मीही अगदी हेच केलं होतं. माझ्या पहिल्या खेळात सात रंगांची मडकी होती. वर्गातली सात वर्षांची एक मुलगी आठवड्याभरात शेवटच्या पातळीला पोचली. मी हरखून गेले. एकदा तिच्या घरी गेले, तर ती कोपऱ्यात फोन घेऊन बसलेली, बोटं भराभर चालताहेत आणि फोनला आवाजच नाही. धाकटा भाऊ झोळीत झोपला होता म्हणून आईनं तो बंद करून दिला होता. सगळे तारे तिनं तसेच मिळवले होते. वर्गात तिला सा दिला आणि प विचारला, तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, खरंच सांगते. पोरीचं काही चुकलं नव्हतं. डब्याचं झाकण मीच उघडं ठेवलं होतं.

तेव्हा आज रात्रीच आवाज बंद करून तुझा खेळ खेळून बघ. जिंकता आला, तर पायरीचा उजेड उत्तराच्या आधी येतोय. तो नंतर येऊ दे. आधी आवाज, मग मुलाचा निर्णय, मग मोर.

सातही स्वर एकदम देऊ नकोस. पहिले काही दिवस फक्त 'वर गेला की खाली आला' एवढंच ओळखू दे. मग सा आणि प. दोघं अचल, म्हणजे कधी कोमल-तीव्र न होणारे, एकमेकांपासून लांब, कानाला सहज वेगळे पडतात. मग भूप राग. सा रे ग प ध, म आणि नी वर्ज्य. यात शेजारचे कुठलेही दोन स्वर पेटीच्या एका पट्टीइतके जवळ येत नाहीत, त्यामुळे मुलानं कसेही जोडले तरी गोडच लागतात आणि ते बिनधास्त प्रयोग करतं. हे जमलं की ग काढून त्याच्या जागी म ठेव. दुर्गा रागाचे स्वर झाले. एकच पायरी बदलली आणि सगळ्या घराची हवा पालटली, हे मुलाला ऐकून कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ, या भातखंडे पद्धतीच्या खुणा त्यानंतर. ज्याचा आवाज ओळखीचा झाला त्याचीच खूण शिकवायची.

आता तुझ्या शाबासकीच्या आवाजाबद्दल. बरोबर उत्तर आलं की जी टाळी-घंटीची धून वाजते, तिचा सा वेगळाच आहे. मूल कष्टानं एका सा मध्ये स्थिरावतं आणि बक्षीस म्हणून आपण ते उखडून टाकतो! खेळातला प्रत्येक आवाज, अगदी बटणाचा टिकसुद्धा, त्याच सा मध्ये बांध. आणि तंबोरा खरा रेकॉर्ड कर. सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, पेटीच्या एका पट्टीचे शंभर. सा पासून मोजलं तर पेटीचा शुद्ध ग 400 सेंटवर असतो, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा साधारण 386 वर. चौदा सेंट म्हणजे काही नाही असं तुला वाटेल. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृहात एखाद्या गाण्याला अर्धा तास आधी जाऊन बस आणि तंबोरे जुळवताना ऐक, मग सांग.

ताल हा भाग मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याचा. तीनतालात 16 मात्रा. 1, 5 आणि 13 वर टाळी, 9 वर काल, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची जागा. बाकी सगळे खेळ हात लावल्याचे गुण देतात. तू कालाला हात *न* लावल्याचे दे. मुलांना थांबणं फार अवघड जातं, आणि एकदा जमलं की तेच त्यांना सगळ्यात आवडतं. पण इथे मी एकदा फसले. मुलं लॅपटॉपवर काल बरोबर ओळखायची, फोनवर हमखास चुकायची. मी त्यांच्यावरच चिडत होते. नंतर उमगलं: कालाला 'धिं'चा 'तिं' होतो, म्हणजे डग्ग्याचा, तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा, घुमारा निघून जातो, आणि फोनच्या बारक्या स्पीकरमधून तो घुमारा मुळातच येत नाही. दोन्ही बोल त्यांना सारखेच ऐकू येत होते. आता मी डग्ग्याचा वरचा अंश उठून दिसेल असंच रेकॉर्डिंग निवडते आणि घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

बिनतारी इअरफोनचंही बघ. त्यात आवाज पोचायला 100 ते 200 मिलिसेकंद सहज लागतात, आणि मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत अख्खी मात्राच 500 ची. मूल अचूक टाळी देतं आणि खेळ त्याला चूक म्हणतो. सुरुवातीला ठेक्याबरोबर आठ टाळ्या घे, उशीर मोज, तेवढा वजा कर.

गाऊन खेळायचा भाग तू अजून केलेला नाहीस. करशील तेव्हा आपला उन्हाळा लक्षात ठेव. माझ्या खेळात बरोबर स्वर लागला की बेडूक उडी मारायचा. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी गातो तं बेडूक उठतच नाही, अन् कूलर लावला का उड्या मारून राहिला!" मे महिन्यात इथे कूलर बंद करा असं कुणाला सांगता येत नाही. म्हणून आधी दोन सेकंद खोलीचा गोंगाट ऐकून घे आणि त्याच्या वर स्पष्ट, थोडा वेळ टिकलेलाच स्वर मान. स्वतःचा तंबोरा माइकमध्ये शिरतो, तोही सापळाच. मूल गाताना तो थांबव किंवा तारेचे इअरफोन दे. सा मुलाच्या गळ्याचा घे, आपल्या सोयीचा नको. सप्तक चुकलं तर चूक धरू नकोस, कारण यंत्रच कधी कधी दुप्पट किंवा निम्मं मोजतं. आणि फुली दाखवू नकोस. मुलाचा स्वर तंबोऱ्यावर पुन्हा वाजवून ऐकव, बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात, "थांबा, पुन्हा गातो."

येत्या रविवारी सकाळी ये. तिघं जण येणार आहेत, सहा ते नऊ वर्षांचे. जुना फोन आण. तू त्यांच्या मागे बसायचंस, वहीत लिहायचंस आणि एक शब्दही सांगायचा नाहीस, कितीही अडले तरी. तर्री-पोहे मी करून ठेवते.

तुझी,
बाई