शुगर, बीपी आणि स्टेंट असलेल्या वडिलांचा प्रवास विमा काढताना आजार लपवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वडील निपाणीचे, वय ६७, बारा वर्षांची शुगर, बीपीची गोळी चालू, दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या नसेत एक स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळी). बहिणीच्या बाळंतपणासाठी आई-वडील ऐंशी दिवस म्युनिकला जाणार. एजंट म्हणतो, शुगर-बीपी लिहू नका, उगाच प्रीमियम वाढतो, व्हिसाला एवढं पुरतं. तर लिहावं की लपवावं?

लिहावं. पण "लिहिलं म्हणजे मिळालं" असंही नसतं. या दोन्ही गोष्टी मला पैसे गेल्यावर कळल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेळगावात वडगावला माझं मेडिकल आहे. दोन वर्षांपूर्वी आई धाकट्या भावाकडे श्टुटगार्टला गेली, तेव्हा तिचा विमा मीच काढला. एजंट ओळखीचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. त्याचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर होतो, समोर चार गिऱ्हाइकं उभी.

"आईंना विशेष काय नाही न्हवं?"

"शुगर आहे की."

"ती आता कुणाला नाही वो? ओटीपी आलाय बघा, सांगा."

मी सांगितला. त्या सहा आकड्यांनी "पूर्वीपासूनचा कोणताही आजार नाही" या ओळीखाली आईची सही झाली, हे मला पाच महिन्यांनी कळलं. लाज याची वाटते की तिच्या शुगरच्या, ग्लिमेपिराइडच्या गोळ्या दर महिन्याला मीच मोजून पाकिटात भरत होतो.

पुढं आषाढी एकादशी आली. आईनं उपवास धरला. सकाळची गोळी सवयीनं घेतली, पोटात नुसता बिनसाखरेचा चहा, खिचडी दुपारी करू म्हणाली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो, आणि रिकाम्या पोटी शुगर फार उतरते. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, बोलणं असंबद्ध झालं आणि ती सोफ्यावरच कलंडली. भावानं ११२ लावला. अँब्युलन्स, शिरेतून ग्लुकोज, एक रात्र दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी ती फोनवर मलाच म्हणाली, "कायबी झालं न्हाई गा, ह्यो उगंच घाबरला." बिल आलं दोन हजार युरोला थोडं कमी.

कंपनीनं कागद मागितले. भावानं दवाखान्याचं पत्र इंग्रजी करून जसंच्या तसं पाठवलं. त्यात निदानाच्या खालीच होतं, जुना मधुमेह, गोळ्या चालू. आमच्या फॉर्मवर "नाही". दावा फेटाळला. एजंटानं भरलं, आम्ही वाचलं नव्हतं, असं सगळं लिहून पाहिलं. पण ओटीपी म्हणजे सही, आणि सही आमची. भावानं हप्त्यानं पैसे फेडले.

त्यानंतर मी ती पॉलिसी पेन घेऊन बसून वाचली. वाचल्यावर कळलं की आईची शुगर लिहिली असती तरी सगळं मिळालंच असतं असं नाही. तुमच्या दृष्टीनं हा भाग महत्त्वाचा, कारण तुमच्याकडे स्टेंट आहे.

बाजारातल्या प्रवास विम्याच्या पॉलिसी या बाबतीत ढोबळमानानं तीन जातीच्या असतात. पहिलीत पूर्वीपासूनच्या आजाराशी संबंधित काहीही झालं तरी पैसे नाहीत, विषय संपला. दुसरीत जिवावर बेतलं तरच मिळतात, तेही वेगळ्या, छोट्या मर्यादेपर्यंत. तिसरीत तुम्ही आजार आधी सांगता, कंपनी कागद बघते, कधी तपासण्या करायला लावते, जास्त प्रीमियम घेते आणि मग तो आजार कव्हरमध्ये घेते. किंवा स्टेंट ऐकून सरळ नाही म्हणते. एजंट जी स्वस्त दाखवतात ती बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या जातीची असते.

दुसऱ्या जातीत एक मेख आहे. "जिवावरचा प्रसंग" याचा अर्थ पेशंट स्थिर होईपर्यंतचा खर्च. समजा तुमच्या वडिलांच्या छातीत दुखलं, आयसीयूत ठेवलं, धोका टळला. पुढं तिथले डॉक्टर म्हणाले की आणखी एक नस बंद दिसते, पुढच्या आठवड्यात करून टाकू. इथं कंपनी म्हणू शकते की हे नियोजित उपचार झाले, भारतात येऊन करा. नेहमीच्या गोळ्या, रूटीन तपासण्या तर कशातच बसत नाहीत. शिवाय साठीच्या पुढच्यांसाठी पुष्कळ पॉलिसींत खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांना वेगवेगळ्या मर्यादा असतात. वर मोठा आकडा लिहिलेला असतो आणि आत कप्पे पाडलेले असतात. वर डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक दाव्यातला पहिला ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून.

"व्हिसाला एवढं पुरतं" हे एजंटाचं म्हणणं खरं आहे, आणि घोटाळा तिथंच होतो. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर चालणारं हवं, तातडीचे उपचार, दवाखाना आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात हवा. वकिलातीतला माणूस हे बघतो. तुमच्या वडिलांची शुगर त्या पॉलिसीत आत आहे की बाहेर, हे बघणं त्याचं काम नाही. म्हणून व्हिसा मिळवून देणारी पॉलिसी दवाखान्यात निरुपयोगी ठरू शकते. आईची तशीच होती, व्हिसा झटक्यात मिळाला होता.

दुकानात आणखी एक गैरसमज रोज ऐकतो : "तीन वर्षं झाली की जुना आजारबी कव्हर होतो की." ते नेहमीच्या आरोग्य विम्याचं. तिथं २०२४ पासून जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं, आधी ४८ होते. ऐंशी दिवसांच्या प्रवास विम्यात तीन वर्षं थांबणार कुठं? आणि निदान बारा वर्षांपूर्वीचं असलं तरी गोळी आज सकाळी घेतली आहे ना, मग आजार चालूच आहे.

आता लपवलेलं कळतं कसं, ते सांगतो, कारण लोकांना वाटतं कंपनीला काय कळणार. निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढून बघा. वरच्या चार ओळींत "के/सी/ओ डीएम, एचटीएन" असं काहीतरी असतं, म्हणजे हा पेशंट मधुमेह आणि बीपीचा असल्याचं आधीपासून माहीत आहे. त्याच्यापुढं वर्षं लिहिलेली असतात. ती वर्षं कोण सांगतं? रात्री दोन वाजता पेशंटबरोबर आलेला पुतण्या किंवा मेहुणा. तो म्हणतो "असतील की पंधरा वर्षं", आणि डॉक्टर पंधरा लिहितात. दुसऱ्या फाईलमध्ये मुलीनं आठ सांगितलेली असतात. दावा करताना ही दोन कार्डं कंपनीच्या टेबलावर शेजारी-शेजारी पडली की प्रश्न सुरू होतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी वडिलांच्या सगळ्या फायली जमिनीवर पसरा आणि शुगरचं पहिलं निदान, बीपीची पहिली गोळी, स्टेंटची तारीख नक्की करा. कागदांत वर्षं जुळत नसतील तर वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक सारांश घ्या : आजार, कधीपासून, सध्याच्या गोळ्या, आणि प्रवासाला हरकत नाही. स्टेंट आहे म्हणून हे हृदयरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. स्टेंट बसवल्यावर दवाखाना एक छोटं कार्ड देतो, ते तिजोरीत न ठेवता वडिलांच्या पाकिटात ठेवा.

गोळ्यांची नावं त्या पत्रात मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या. आपल्याकडचे ब्रँड म्युनिकच्या फार्मसीत कुणी ओळखणार नाही. आणि निघायच्या तोंडावर डॉक्टरांनी डोस बदलला तर तो घ्यायचाच, पण कंपनीला त्याच दिवशी मेल करून कळवायचं. आधी सांगितलेली तब्येत आणि विमानात बसलेली तब्येत यांत फरक पडला तर तोही दाव्याच्या वेळी निघतो.

पॉलिसी निवडताना एजंटाला "जुना आजार कव्हर होतो का" असं विचारू नका. तो "होतो की" म्हणणार, आणि ते अर्धं खरंही असेल. आजाराऐवजी प्रसंग सांगून विचारा, आणि थेट कंपनीला मेलवर : वडिलांना अमुक अमुक आजार आहेत. प्रवासात हार्ट अटॅक आला तर दवाखान्याचा खर्च कुठल्या मर्यादेपर्यंत मिळेल? नवीन स्टेंट बसवावा लागला तर? शुगर उतरून शुद्ध हरपली तर अँब्युलन्सचे पैसे मिळतील का? उत्तर लेखी घ्या. फोनवर गोड बोलणाऱ्याचं नावसुद्धा नंतर सापडत नाही. दोन-तीन कंपन्यांना हाच मेल पाठवला की कोण टाळतंय ते आपोआप दिसतं.

फॉर्म स्वतः भरा, ओटीपी स्वतः टाका. पॉलिसीबरोबर भरलेल्या फॉर्मची प्रत येते. लोक फक्त नावाचं स्पेलिंग बघतात, पासपोर्टशी जुळायला हवं म्हणून. तुम्ही आजाराच्या प्रश्नांची उत्तरंही बघा. चुकलं असेल तर निघण्याआधी एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची कंपनीची लेखी नोंद, मागून दुरुस्त करता येतं, नंतर नाही.

बहिणीच्या तिथल्या विम्यात आई-वडील बसतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि मुलं, पाहुणे आलेले आई-वडील त्यात येत नाहीत. मात्र बहिणीला दोन नंबर फ्रिजवर चिकटवायला सांगा : जिवावरचं असेल तर ११२, आणि रात्री-बेरात्री ताप किंवा साधं दुखणं आलं तर ११६११७, हा ड्युटीवरच्या डॉक्टरांचा. तिसरा नंबर पॉलिसीवरचा मदतकेंद्राचा. दाखल करायची वेळ आली तर पेशंटला सोय झाल्या झाल्या त्यांना कळवायचं, उशिरा कळवलं हेही दावा अडकवायचं एक कारण होतं.

थोडं विषयांतर. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं रेल्वे तिकीट ऑनलाइन काढताना आपण तो ४५ पैशांचा विमा टिक करतो, त्यामुळे प्रवास विमा म्हणजे असंच काहीतरी स्वस्त आणि एका टिकेत होणारं, अशी आपली समजूत झालेली आहे. तो विमा गाडीच्या अपघाताचा. गाडीत शुगर उतरली तर त्यात एक रुपया नाही. परदेशचा विमाही लोक त्याच सवयीनं टिक करून मोकळे होतात. मीही झालोच की.

दावा फेटाळलाच तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जायचं. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, तिथं फी नाही. तुमचा पत्ता निपाणीचा, म्हणून बेंगळुरूचा लोकपाल. पण कंपनीच्या ज्या शाखेविरुद्ध तक्रार आहे तिच्या पत्त्यावरूनही कार्यक्षेत्र धरता येतं. म्हणजे पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असेल तर पुण्यालाही जाता येईल. आपल्या भागात निम्मे व्यवहार तसेही कोल्हापुरात होतात, आणि मराठीत बोलता येतं हा एक फायदा. आमच्या प्रकरणात मात्र कुठंही गेलो असतो तरी तो "नाही" पुसला गेला नसता.

राहिला प्रीमियमचा प्रश्न. वाढेल. किती, ते स्टेंटच्या कागदावर ठरेल. आईच्या या वेळच्या पॉलिसीला शुगर लिहून पहिल्यापेक्षा दुपटीच्या आसपास लागले, आणि ती तरीही दुसऱ्या जातीचीच मिळाली, पण मर्यादा बरी आहे आणि शुगर उतरण्याबद्दलचं कंपनीचं उत्तर मेलवर आहे. पॉलिसी व्हिसाच्या अपॉइंटमेंटआधी घ्यावीच लागते, कारण सर्टिफिकेट फाईलला जोडायचं असतं. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून बहुतेक कंपन्या थोडे पैसे कापून बाकीचे परत देतात; ते कलमही घेण्याआधी बघून ठेवा. मेलची उत्तरं आणि वैद्यकीय तपासण्या धरून तीन आठवडे हाताशी ठेवा. अपॉइंटमेंट त्याहून जवळची असेल तर आज संध्याकाळीच फायली काढायला बसा.