सोलापूरहून आयईएलटीएस (परदेशात शिकायला-राहायला लागणारी इंग्रजीची परीक्षा) द्यायची आहे, कॉम्प्युटरवर देऊ की कागदावर?

टायपिंगचा हात बसला असेल तर बिनधास्त कॉम्प्युटर घ्या. प्रश्नांचा दर्जा तोच, बोलण्याची परीक्षा दोन्हीकडे परीक्षकासोबतच. खरा फरक लेखनात पडतो. माझ्या धाकट्या बहिणीने पुण्यात कागदावर दिली. २५० शब्दांच्या निबंधात शेवटचा मुद्दा वर घ्यायचा म्हणून तिने अर्धं पान खोडलं, कागद चुरगळला, समारोप राहिलाच. स्क्रीनवर हे कट-पेस्टने क्षणात होतं, शब्दही आपोआप मोजले जातात.

मात्र कागदी परीक्षेचा पर्याय असेल तिथे ऐकण्याच्या भागात उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. दोन बोटांनी टाइप करत असाल तर आधी महिनाभर रोज सराव कराच.

आणि पुण्याचं केंद्र मिळालं तर परीक्षेच्या सकाळी हुतात्मा एक्सप्रेस (सोलापूर-पुणे गाडी) पकडू नका, उशीर होईल, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.