काळ्या मातीत वाळू? नकोच

प्रश्न : घरामागे काळी माती आहे. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात नुसता चिखल. शेजारी म्हणतात, गिरणा नदीची वाळू मिसळा. मिसळू का? (जळगाव)

उत्तर : नका मिसळू, भाऊ. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते, वाळली की आकसते, म्हणून भेगा पडतात. चार टोपल्या वाळूने हा स्वभाव जात नाही. उलट ढेकूळ आणखी घट्ट बसतं.

तिला हवा सेंद्रिय माल. पूर्ण कुजलेल्या शेणखताचा दोन इंच थर पसरा आणि वरच्या वीतभर मातीत मिसळा, पण वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना ठणठणीत कोरडी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा. अंगठ्याने टोचल्यावर भुगा झाला तर कुदळ घ्या. चकचकीत वळी निघाली तर दोन दिवस थांबा. ओल्यात खणलेली ढेकळं पुढे फुटता फुटत नाहीत. शेणखत कच्चं असेल तर मुळं खाणारी हुमणी अळी घरात आणाल, हेही लक्षात ठेवा.

मग वर तीन-चार इंच आच्छादन : दादर ज्वारीचा बारीक केलेला कडबा, भुईमुगाची टरफलं, वाळका पाला, जे हाती येईल ते. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा उघडी माती अक्षरशः भाजते. पहिल्या वर्षी फार फरक दिसणार नाही. दरवर्षी मृगाआधी खत आणि आच्छादन देत राहा.

प्रश्न : लिंबाची, गुलाबाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच. पाणी बोअरचं. चुना टाकू का, की राख? (धुळे)

उत्तर : ताई, दोन्ही नको! ही लोहाची कमतरता दिसते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मातीचा सामू (pH) आठच्या आसपास किंवा वर गेला की मुळांना ते मिळत नाही. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो ना, तोच चुना मातीतही साचतो. राखेने सामू आणखी वाढेल. राख-चुन्याचा सल्ला कोकणातल्या आम्ल मातीला ठीक. आपल्याकडे तो का फिरतो कोण जाणे.

तूर्त एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. बुंध्याशी कंपोस्ट द्या. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून तेच घाला.

प्रश्न : केळीचे खांब फुकट मिळतात. खत होईल का? (रावेर)

उत्तर : उत्तम होईल, पालाश (पोटॅश) भरपूर असतं. मात्र खांब म्हणजे बहुतेक पाणीच. नुसता ढीग घातला तर सडून घाण वास सुटेल. वीतभर तुकडे करून दोन दिवस उन्हात टाका. मग एक थर खांबाचा, एक कोरड्या पाल्याचा, मध्ये शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण. मर रोग लागलेल्या बागेतले खांब मात्र आणू नका.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंडीत काळी माती भरली. पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं. (भुसावळ)

उत्तर : माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली आहे, पाणी त्या फटीतून पळतं. कुंडी तासभर पाण्याच्या टबात बसवा. पुढच्या वेळी काळी माती एक तृतीयांशच घ्या, बाकी कंपोस्ट आणि कोकोपीट. भरताची वांगी लावणार असाल तर कुंडी निदान १५ इंचांची हवी.