रेसिंग सोडून लिहायचं म्हणतोयस तर

अरे, तुझा मेल वाचला. चेन्नईचा सीझन संपला की बाइक रेसिंग बंद आणि मग रेसिंगवर लिहायचं, हे ठीकच आहे, पण "मी स्वतः चालवलीय म्हणून मला कळतं" असं जे दोनदा लिहिलंयस ना, त्याचीच मला जरा भीती वाटते.

सायमन क्रॅफरचं बघ. न्यूझीलंडचा गडी, 1998 ला डॉनिंग्टनला 500 सीसीची, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या क्लासची ब्रिटिश ग्रां प्री जिंकला, तीही मिक डूहनला 11 सेकंदांनी मागे टाकून, आणि डूहन त्या वर्षी सलग पाचव्यांदा चॅम्पियन झाला, म्हणजे विचार कर. पुढच्या वर्षी टीम डनलप सोडून मिशलिन टायरवर गेली, ह्याचं काही त्या टायरशी जमलं नाही आणि सीझनच्या मध्येच टीम सुटली. माणूस तोच, हात तेच. तू तेव्हा प्रेस रूममध्ये असतास तर हेडिंग काय दिलं असतंस? 'क्रॅफरचा फॉर्म गेला', हेच ना? फॉर्म-बिर्म बऱ्याचदा काही नसतं रे, आधी टायरचं विचारायचं, कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण कुठलं, किती लॅप टिकला, ब्रेक मारताना पुढचं चाक काय सांगत होतं, रायडरच्या डोक्यात शिरायचं ते नंतर.

हा क्रॅफर 2018 ला मोटोजीपीच्या, म्हणजे बाइक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक मालिकेच्या, पिट लेनमध्ये (टीमच्या गॅरेजसमोरच्या पट्ट्यात) रिपोर्टर म्हणून माइक घेऊन आला, 2024 पर्यंत होता. त्याआधी रायडिंग शिकवायचा, आणि माझ्या मते त्याच्या रिपोर्टिंगचं मूळ तिथं होतं, डॉनिंग्टनच्या ट्रॉफीत नाही, कारण ब्रेक कधी सोडायचा हे ज्याला कळतच नाही त्याला सांगायचं म्हणजे आधी स्वतःला ते शब्दात पकडावं लागतं. शिवाय त्याच्या वेळच्या गाड्या टू-स्ट्रोक, आणि रिपोर्टर म्हणून समोर होत्या त्या विंगवाल्या, राइड हाइट डिव्हाइसवाल्या (चालू रेसमध्ये गाडी खाली बसवणारी यंत्रणा). जुन्या पुण्याईवर किती दिवस बोलणार, इंजिनियरला गाठून विचारावंच लागायचं. तुलाही लागेल, 2027 पासून मोटोजीपी 850 सीसीवर जातेय, राइड हाइट बंद, टायर पिरेलीचे, म्हणजे भल्याभल्यांना नव्याने शिकायचंय, तुझ्यासाठी बरंच आहे ते.

आणि हो, गाडीच्या कंपनीने टेस्ट राइडला नेलं, हॉटेल दिलं तर लेखात सरळ तसं लिहायचं.

नोकरीचं नंतर बघू. पुढच्या राउंडला तुझी रेस झाली की दुसऱ्या क्लासच्या एखाद्या मेकॅनिकजवळ जाऊन बस आणि त्यांची रेस 400 शब्दात लिही, त्यात तू आणि तुझी गाडी कुठंच नको. मग आईला वाचायला दे आणि ती कुठे अडकली ते मला कळव.