व्हेजिमाइट चमच्याने खाऊ नका!

मुलगी मेलबर्नहून व्हेजिमाइटची बाटली घेऊन आली. चॉकलेटसारखं दिसलं म्हणून चमचाभर तोंडात घातलं आणि अर्धा तास पाणी पीत बसलो. लोक हे खातात कसं? (डोंबिवली)

व्हेजिमाइट म्हणजे यीस्टपासून केलेला, पावाला पुसटसा लावायचा खारट लेप. चमचाभर तो तिकडे ऑस्ट्रेलियातही कुणी खात नाही. हिंगाचा खडा चघळून 'हे वरणात कशाला घालतात?' असं विचारण्यातला हा प्रकार झाला. टोस्ट गरम हवा. त्यावर आधी सढळ हाताने लोणी लावा. ते पाघळायला लागलं की सुरीच्या टोकावर हरभऱ्याएवढं व्हेजिमाइट घेऊन ओढत न्या. लोण्यात तपकिरी रेघा उमटल्या की हात आवरा, पाव काळा करायचा नाही. आता खारटपणामागून एक खमंग, आटवलेल्या रश्शासारखी चव येईल. ती ग्लुटामेट या प्रथिनांतल्या घटकाची. जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या पाण्यातून ती वेगळी काढली आणि तिला 'उमामी' नाव दिलं.

हे बिअरच्या गाळापासून करतात म्हणे. मग सासूबाईंना द्यावं का? (नाशिक)

बिअर आंबवून झाल्यावर उरलेल्या यीस्टपासून करतात, हे खरं. यीस्ट बुरशीच्या कुळातलं, त्यात प्राणिज काही नाही. मीठ आणि ऊब मिळाली की त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलेच पाचक रस प्रथिनांचे तुकडे करतात. मग टरफलं गाळून उरलेला रस दाट होईपर्यंत आटवतात. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ मध्ये मार्माइट या अशाच यीस्टच्या लेपाचा कारखाना निघाला, तो याच हिशेबाने: यीस्ट शेजारच्याच ब्रुअरीतून मिळत होतं. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मार्माइटचा तुटवडा पडला, तेव्हा मेलबर्नच्या सिरिल कॅलिस्टर यांनी व्हेजिमाइट तयार केलं. ते १९२३ मध्ये बाजारात आलं. मार्माइट काकवीसारखं ओघळतं, व्हेजिमाइट घट्ट असतं.

सासूबाईंना मात्र आधी सगळं सांगा, मग त्यांचं त्या ठरवतील. आणि बाटलीवरचं नाव नीट वाचा. तशाच काळ्या, गोलमटोल बाटलीत बोव्हरिल मिळतं, ते गोमांसाचं असतं.

मार्माइटचा मुंबईशी संबंध आहे असं ऐकलं. खरं की थाप? (पुणे)

खरं, आणि माझा फार आवडता किस्सा. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचं (अॅनिमियाचं) कारण त्यांना शोधायचं होतं. या रोगात तांबड्या पेशी फुगून मोठ्या होत. जंतूंचा शोध निष्फळ ठरला, म्हणून त्यांनी बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. तसाच निकस आहार देऊन आजारी पाडलेलं माकड मार्माइटने सुधारलं, आणि मग बायकाही. हे निष्कर्ष १९३१ मध्ये छापून आले. मार्माइटमधला तो गुणकारी घटक बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणून ओळखला जाई. तेच आपलं फोलिक अॅसिड, आज गरोदरपणात ज्याची गोळी देतात ते. ल्यूसीबाईंची आठवण किती प्रसूतिगृहांत निघते, कोण जाणे.

मी शाकाहारी, बी-१२ कमी आहे. रोज खाल्लं तर भागेल? रक्तदाबही आहे. (सोलापूर)

यीस्टमध्ये मुळात बी-१२ नसतं. मार्माइटमध्ये ते वरून घालतात, साध्या व्हेजिमाइटमध्ये तेही नाही. शिवाय १०० ग्रॅम मार्माइटमध्ये सुमारे १० ग्रॅम मीठ. डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ चालू ठेवा आणि याला चवीपुरतं ठेवा. नैराश्यावरची 'एमएओ इन्हिबिटर' गटातली औषधं कुणी घेत असेल, तर मात्र हे पूर्ण वर्ज्य. त्यातल्या टायरामीनमुळे रक्तदाब एकदम भडकू शकतो. गहू-बार्लीतलं ग्लुटेन चालत नसेल तर मार्माइटही नको.

टोस्ट सोडून आपल्या स्वयंपाकात कुठे खपेल? (डोंबिवलीचेच वाचक, बाटली अजून भरलेली)

मसूर किंवा मशरूमच्या रश्शात. कांदा-टोमॅटोला तेल सुटलं की चार माणसांच्या भाजीला पाव चमचा घाला आणि मीठ त्या मानाने कमी करा. चिंच-गुळाच्या आमटीत मी एकदा घातलं होतं. घरच्यांनी मुकाट्याने दही-भात खाल्ला.