चपलेचा खरा रंग फोटोत कसा आणावा?

प्रश्न: चप्पल लाईनमध्ये माझं दुकान आहे. पांढऱ्या कागदावर चपला ठेवून मोबाईलवर फोटो काढतो आणि गिऱ्हाइकांना पाठवतो. तीच नैसर्गिक रंगाची चप्पल एका फोटोत हिरवट-पिवळी, दुसऱ्यात निळसर दिसते. फोटो दुरुस्त कसे करावेत?
– एक चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर: छटा फोटोगणिक बदलते ती बहुधा ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे उजेडाचा रंग ओळखून फोटोची छटा आपोआप जुळवण्याच्या मोबाईलच्या सोयीमुळे. चौकटभर तपकिरी चामडं दिसलं की मोबाईल त्यालाच पिवळा प्रकाश समजतो आणि फोटो निळ्याकडे ढकलतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने ठरवता येतात तिथे, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर पक्का करा. दिवसाच्या उजेडाला साधारण ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप). हिरवट छटा सहसा ट्यूबची किंवा स्वस्त एलईडीची असते. दारातून उजेड आणि वरून ट्यूब असं असेल, तर चपलेच्या दोन बाजूंना दोन छटा येतात आणि त्या एका दुरुस्तीत जात नाहीत. म्हणून फोटोपुरती ट्यूब बंदच ठेवा.

काढून झालेल्या फोटोंना गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. रंगांच्या मेनूत ‘लेव्हल्स’ उघडा. तिथे तीन ड्रॉपर, म्हणजे फोटोतला रंग टिपणारी चिन्हं, दिसतील. त्यांतला करड्या बिंदूचा, म्हणजे मधला, घ्या आणि फोटोतल्या रंगहीन करड्या जागेवर टिचकी मारा. ही जागा निवडण्यातच सगळी गोम आहे. जळून पूर्ण पांढरा झालेला भाग चालत नाही, कारण तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ या कमाल आकड्यावर अडकलेले असतात आणि छटेची माहितीच उरत नाही. झेरॉक्सचा कागदही बेभरवशाचा: त्यातल्या चकाकी आणणाऱ्या रसायनामुळे तो उन्हात निळसर दिसतो, त्यावर टिचकी मारली की चप्पल पिवळी पडते. फोटोग्राफीच्या दुकानातून ग्रे कार्ड, म्हणजे रंगहीन करडं कार्ड, आणा आणि पहिल्या फोटोत ते चपलेशेजारी ठेवा.

ड्रॉपरने समाधान झालं नाही तर लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचा. कार्डावर लाल १९०, हिरवा १९२, निळा १७० आला, तर निळा कमी पडतोय, म्हणून पिवळेपणा आहे. लेव्हल्समध्ये निळा चॅनेल (फक्त निळ्याचा भाग) निवडून मधला त्रिकोण डावीकडे सरकवा, १.०० वरून साधारण १.४ पर्यंत. तिन्ही आकडे जवळ आले की थांबा. त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना लेव्हल्सची हीच सेटिंग लावा. काम करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद हवा, नाहीतर डोळाच फसतो. शेवटी प्रत्यक्ष चप्पल स्क्रीनशेजारी धरून बघाच. गिऱ्हाईक तीच हातात घेणार आहे.

प्रश्न: लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात काढलेल्या हळदीच्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे लालभडक आलेत. ते निघेल का?
– एक फोटोग्राफर, राजारामपुरी

उत्तर: रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती) असेल तर बरंच निघेल, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फोटो फाइलमध्ये, थोडंच. कापडातून झिरपलेल्या उजेडात निळा प्रकाश फारच कमी असतो; तो नंतर जबरदस्तीने वाढवला की चेहऱ्यांवर दाणे उठतात. संपूर्ण फोटो थंड करू नका, हळदीचा पिवळा मरेल. सॉफ्टवेअरमध्ये मास्कने फक्त चेहरे निवडा, तेवढ्याच भागात टेंपरेचर (पिवळं-निळं) कमी करा, टिंट (हिरवं-गुलाबी) किंचित हिरव्याकडे न्या आणि लाल-नारिंगीचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवा. पुढच्या वेळी फ्लॅश वापरा, पण मांडवाच्या छतावर आपटून नको. त्या कापडावरून परतलेला प्रकाश पुन्हा लालच येतो.